निकॉन डी३०० आणि डी५०० : एकच लेन्स, एकच पाणी, साडेआठ वर्षांचे अंतर

पाणकाठ

मी २००८ पासून निकॉनचा डी३०० वापरतो आहे. माझे छायाचित्रण बहुतांशी पक्ष्यांचे असते, आणि तेही मुख्यतः दोन ठिकाणांचे : उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण आणि सिंहगडाचे खोरे. या हिवाळ्यात एका स्नेह्याने दीर्घ प्रवासाला जाताना आपला डी५०० माझ्याकडे ठेवायला दिला आणि तो मनसोक्त वापरण्याची मुभाही दिली. माझ्याकडची २००-५०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स दोन्ही बॉड्यांना चालते. त्यामुळे लेन्स तीच, नाव तीच, नावाडीही तोच, आणि बदलला तो फक्त कॅमेरा, अशी तुलना मला दोन महिने करता आली. जे दिसले ते येथे सविस्तर मांडतो, कारण जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) हाताशी असताना त्याच घराण्यातला पुढचा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न अनेकांसमोर असणार.

आधी ओळख. डी३०० ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर झाला, सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचा, फोकसबिंदू ५१, वेग सेकंदाला ६ फ्रेम. डी५०० जानेवारी २०१६ मध्ये आला; सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, फोकसबिंदू १५३, वेग सेकंदाला १० फ्रेम. दोन्हींचा सेन्सर डीएक्स, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून लहान, आकाराचा असल्याने ५०० मिलिमीटरची लेन्स दोन्हींवर ७५० मिलिमीटरच्या दृष्टिकोनाइतकीच दिसते. मधल्या काळात २००९ चा डी३००एस येऊन गेला, पण डी३०० चा खरा वारस म्हणावा असा कॅमेरा डी५०० येईपर्यंत आला नव्हता, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांत मीही होतो.

जिथे फरक जाणवला नाही, तिथून सुरुवात करतो. सकाळी साडेआठच्या उन्हात राखी बगळा काठावर स्तब्ध उभा आहे, नाव त्याच्यापासून बारा-पंधरा मीटरांवर थांबली आहे आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनक्षमता) ४०० आहे. अशा वेळी दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेली छायाचित्रे मी बारा बाय अठरा इंचांवर छापून घेतली आणि घरातल्या चौघांसमोर ठेवली. कोणते कशाचे, हे कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. मला स्वतःला सांगता आले ते केवळ बगळ्याच्या गळ्यावरच्या काळ्या ठिपक्यांच्या कडांवरून, आणि तेसुद्धा छापील कागद डोळ्यांजवळ नेल्यावर. पक्षी जवळ असेल, ऊन असेल आणि तो हलत नसेल, तर डी३०० आजही पुरेसा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता कवड्या खंड्या. ज्यांनी हा पक्षी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की तो पाण्यावर पाच-सात मीटर उंचीवर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो. पंख इतके वेगाने हलतात की ते धूसर दिसतात, पण डोके जणू हवेत खिळलेले असते. तेवढा वेळ डी३०० त्याला सहज पकडतो. मग काहीही पूर्वसूचना न देता खंड्या पंख मिटतो आणि सरळ खाली कोसळतो. नेमक्या याच क्षणी डी३०० चा फोकस मागच्या पाणकणसांवर जातो. पक्षी फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात उतरलेला असतो आणि ५१ बिंदूंचा पट्टा मधल्या भागापुरताच असल्यामुळे तिथे बिंदूच नसतो. गेल्या कित्येक हिवाळ्यांत माझ्याकडे पाणकणसांची सुरेख, काटेकोर छायाचित्रे जमली, आणि त्यांच्या पुढ्यात एक काळा-पांढरा पुसट ठिपका.

डी५०० च्या बिंदूंचा पट्टा आडव्या दिशेने जवळजवळ फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचतो. उभ्या दिशेने तो तितका नाही, हे खरे. पण कॅमेरा उभा धरला की पट्टाही उभा होतो, आणि सरळ खाली येणाऱ्या पक्ष्यासाठी तेच हवे असते. हे लक्षात यायला मला आठवडा लागला. त्यानंतरच्या एका सकाळी मला चोच पाण्याला टेकण्याआधीची फ्रेम मिळाली, डोळ्यावर फोकस असलेली. सोळा हिवाळ्यांत ती मला मिळाली नव्हती.

दुसरा मोठा फरक प्रकाशाचा. सिंहगडाच्या खोऱ्यात स्वर्गीय नर्तक दाट सावलीत वावरतो. तिथे एफ/५.६ वर आणि आयएसओ १६०० वर मला शटर १/१२५ मिळत असे. डी३०० वर आयएसओ १६०० च्या पुढे जायला मी धजत नाही, कारण नराच्या पांढऱ्या शेपटीतले पिसांचे पदर नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणात, विरघळतात. डी५०० वर मी आयएसओ ६४०० ठेवला, म्हणजे त्याच प्रकाशात शटर १/५०० झाले. नॉइज होताच, पण बारीक दाण्याचा आणि एकसारखा. काढून टाकल्यावरही पिसे शिल्लक राहणारा. नर्तक क्षणभरही स्वस्थ बसत नाही, तेव्हा १/१२५ आणि १/५०० यांतला फरक हा छायाचित्र मिळणे आणि न मिळणे यांतला फरक आहे.

माझा प्रश्न असा : मी वर्षाला जेमतेम पंधरा-वीस वेळा बाहेर पडतो. जुना डी५०० शोधून घेणे योग्य, की हाच पैसा प्रवासावर आणि अधिक सकाळींवर खर्च करावा? दोन्ही कॅमेरे वापरलेल्यांनी आपला अनुभव लिहावा ही विनंती.

माळरान

पाणकाठ, आपण फार नेटकेपणाने लिहिले आहे. माझा मुलूख सोलापूरकडच्या माळांचा, आणि पक्षी मुख्यतः भोवत्या. गवताच्या शेंड्यांवरून दोन हात उंचीने उडणारा हा पक्षी फोकसयंत्रणेची जी परीक्षा घेतो, ती पाण्यावरचा पक्षी घेत नाही असे मला वाटते. कारण पाण्यावर मागे बहुधा मोकळा अवकाश असतो, तर माळावर पक्ष्यामागे वाळलेले गवत असते, त्याच रंगाचे आणि भरपूर रेषांचे.

मीही डी३०० वरूनच डी५०० कडे आलो. आपण बिंदूंच्या पसरटपणाला श्रेय दिले आहे ते योग्यच आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ग्रूप एरिया फोकस ही आहे. डी३०० मध्ये ती सोयच नव्हती. यात एका बिंदूऐवजी शेजारचे काही बिंदू एकाच वेळी काम करतात आणि त्यांच्या कक्षेत जे सर्वांत जवळ असेल त्याला प्राधान्य मिळते. पक्षी गवतापेक्षा जवळ असतो, म्हणून फोकस पक्ष्यावरच टिकतो. डी३०० वर मी ९ बिंदूंचा डायनॅमिक प्रकार वापरत असे, आणि मधला बिंदू पक्ष्यावरून क्षणभर जरी घसरला तरी गवताने फोकस पळवलेला असे.

थ्रीडी ट्रॅकिंगबद्दलही एक सांगावेसे वाटते. ते रंगावरून विषयाचा माग काढते आणि त्यासाठी प्रकाशमापनाच्या सेन्सरची मदत घेते. डी३०० मध्ये तो सेन्सर १,००५ पिक्सेलचा आहे, डी५०० मध्ये सुमारे १,८०,००० पिक्सेलचा. पक्षी म्हणजे एवढ्या मोठ्या चौकटीतला छोटासा रंगाचा तुकडा. तो १,००५ कप्प्यांत नीट ओळखू येणार कसा? जुन्या कॅमेऱ्यावर थ्रीडी वापरून निराश झालेल्यांनी नव्यावर ते पुन्हा करून पाहावे.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर : उडते पक्षी हा आपला मुख्य विषय असेल तर घ्यावा. बसलेल्या पक्ष्यांसाठी घेऊ नये.

अंधारखोली

चर्चा उत्तम चालली आहे. मी रसायनांच्या काळापासून छपाई करत आलो आहे, म्हणून एका तांत्रिक मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पाणकाठ, आपण आयएसओची तुलना पडद्यावर शंभर टक्के मोठे करून केली असेल तर ती डी५०० वर अन्याय करणारी आहे. डी३०० ची फ्रेम ४२८८ बाय २८४८ पिक्सेलची असते, डी५०० ची ५५६८ बाय ३७१२ ची. सेन्सरचा आकार तोच असल्याने डी५०० चा प्रत्येक पिक्सेल लहान आहे : सुमारे ५.५ मायक्रॉनच्या जागी ४.२ मायक्रॉन. शंभर टक्क्यांवर पाहताना आपण डी५०० चे चित्र जास्त मोठे करून पाहत असतो. डी५०० ची फ्रेम आधी ४२८८ पिक्सेल रुंदीला आणावी किंवा दोन्ही एकाच मापाच्या कागदावर छापावी, आणि मग नॉइज पाहावा. आपल्याला जो फरक दोन पायऱ्यांचा (आयएसओ १६०० ते ६४००) वाटला तो तेव्हा अधिकच स्पष्ट होईल.

याच आकड्यांची दुसरी बाजू दूरच्या पक्ष्याची आहे. एकाच लेन्समधून, तेवढ्याच अंतरावरून डी३०० वर जो पक्षी १००० पिक्सेल रुंद येतो तो डी५०० वर सुमारे १३०० पिक्सेल येतो. नाव आणखी पुढे नेऊन पक्षी उठवण्यापेक्षा हे बरे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. लहान पिक्सेल हाताची थरथर जास्त स्पष्ट दाखवतो. जुन्या कॅमेऱ्यावर १/५०० ला निभावून जात होते म्हणून नव्यावरही निभावेल असे समजू नये. डी५०० मध्ये सेन्सरपुढची ती सौम्य करणारी गाळणी, जी डी३०० मध्ये आहे, ती काढलेली आहे. त्यामुळे लेन्सचा आणि हाताचा प्रत्येक गुणदोष जसाच्या तसा उमटतो.

तिसरी गोष्ट कोणी लिहिली नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. डी३०० चा मूळ आयएसओ २०० आहे, डी५०० चा १००. आणि मूळ आयएसओवर डी५०० च्या सावल्यांत जो तपशील दडलेला असतो तो डी३०० च्या सावल्यांत नसतो. पांढरा बगळा उन्हात आणि मागे काळे पाणी, असे दृश्य घ्या. बगळ्याची पिसे जळू नयेत म्हणून उद्भासन कमी ठेवावे लागते आणि मग पाणी, पाय, चोचीखालची सावली काळीकुट्ट होते. डी३०० च्या फायलीत ती सावली उजळायला गेलो की जांभळट दाणे वर येतात. डी५०० च्या फायलीत पायाखालचा ओला चिखल आणि त्यावरचे ठसेसुद्धा हळूहळू उमलतात. अंधारखोलीत कागदाचा एक भाग हाताने झाकून जे साधायला तासभर लागे, ते इथे कच्च्या फायलीतच शाबूत असते.

पाणकाठ

अंधारखोली, आपण सांगितल्याप्रमाणे मी पुन्हा पाहिले. नर्तकाच्या फ्रेम एकाच मापाला आणल्यावर डी५०० चा आयएसओ ६४०० आणि डी३०० चा १६०० जवळपास एकसारखे दिसले. नव्याचे पारडे किंचित जडच. मी आधी शंभर टक्क्यांवरच पाहिले होते, तेव्हा आपले म्हणणे पूर्ण मान्य.

थरथरीबद्दलही आपले खरे आहे. पहिल्या आठवड्यात मला वाटले की माझी लेन्स बिघडली आहे. शटर १/१६०० वर नेल्यावर शंका फिटली.

पावसाळी

माझा विषय पक्षी नाही, तरी लिहितो, कारण जुना कॅमेरा काढून टाकण्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा. मी पावसाळ्यात आंबोलीला बेडकांची छायाचित्रे काढतो, रात्री, आणि बहुधा गुडघ्यांवर बसून. डी३०० ला वर उघडणारा फ्लॅश आहे आणि तोच कमांडर (इशारा देणारा मुख्य फ्लॅश) म्हणून बाजूचे फ्लॅश वायरशिवाय चालवतो. डी५०० ला अंगचा फ्लॅशच नाही. माझ्या मांडणीत एक फ्लॅश सहायकाच्या हातात, पानामागे असतो. कॅमेरा बदलल्यावर पहिल्याच पावसात हे लक्षात आले, आणि फ्लॅशच्या सोयीसाठी वेगळे उपकरण घ्यावे लागले.

याउलट डी५०० चा पडदा बाहेर झुकतो आणि त्याला बोट लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये (दृश्य थेट पडद्यावर पाहताना) फोकसही देता येतो. कातळावरच्या इवल्या आंबोली टोडच्या डोळ्यांच्या पातळीला यायचे तर डी३०० बरोबर गाल चिखलाला टेकवावा लागे. बटणे अंधारात उजळतात, हे ऐकायला किरकोळ वाटते; पण भर पावसात विजेरी तोंडात धरून आयएसओचे बटण चाचपडलेल्या माणसाला त्याचे मोल कळते. प्रत्येकाने आपापल्या कामाच्या दृष्टीने तोलावे. माझ्या कामात नव्याचा पडदा जिंकला आणि जुन्याचा फ्लॅश हुकला.

नवी वाट

मी या छंदात नवी आहे. वापरलेला डी५०० घेताना मला आलेला अनुभव उपयोगी पडेल म्हणून सांगते. एका विक्रेत्याने मला बॉडी फार कमी वापरलेली असल्याचे सांगितले होते. मी व्यवहारापूर्वी तिथेच एक छायाचित्र काढले, घरी येऊन त्या मूळ फायलीतली माहिती एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने उघडली, आणि शटरचा आकडा सांगितल्याच्या कितीतरी पट निघाला. डी५०० च्या शटरची कंपनीने चाचणी २,००,००० वेळांपर्यंत केली आहे, डी३०० च्या शटरची १,५०,००० वेळांपर्यंत. त्या मानाने तो आकडा चिंता करण्याइतका होता. मी तो व्यवहार सोडून दिला आणि महिनाभराने दुसरी बॉडी घेतली. मूळ फाइल हाती पडल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत.

माझा एक प्रश्नही आहे. हल्ली सर्वजण मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळत आहेत. असे असताना डीएसएलआरमध्ये पैसे घालणे कितपत शहाणपणाचे?

माळरान

नवी वाट, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आपल्याकडच्या लेन्सवर अवलंबून आहे. पाणकाठ यांची २००-५०० एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स निकॉनच्या मिररलेसला जोडणारा दुवा) लावून मिररलेसवर फोकससह चालते. परंतु माझ्याकडे जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या दोन लेन्स आहेत, ज्यांचा फोकस बॉडीतल्या मोटरवर फिरतो. डी३०० आणि डी५०० या दोन्हींत ती मोटर आहे, अडॅप्टरमध्ये नाही. मिररलेसवर त्या लेन्स हाताने फोकस कराव्या लागतील. उलट नव्या एएफ-पी प्रकारच्या लेन्स डी३०० वर चालत नाहीत, डी५०० वर चालतात. जुन्या आणि नव्या, दोन्ही पिढ्यांच्या लेन्सना सामावून घेणारा पूल म्हणून मी डी५०० कडे पाहतो.

टेलिकन्व्हर्टरचेही (लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसून लेन्सचा पल्ला वाढवणाऱ्या भिंगाचेही) असेच आहे. २००-५०० ला १.४ चा कन्व्हर्टर लावला की अ‍ॅपर्चर एफ/८ होते. डी३०० ची फोकसयंत्रणा एफ/५.६ पर्यंतच्या प्रकाशासाठी बांधलेली आहे. डी५०० मध्ये १५ बिंदू एफ/८ वरही काम करतात. भर उन्हात, दूरच्या पट्टकादंबांसाठी मी हा प्रयोग केला आहे. फोकस मंदावतो, पण लागतो.

अंधारखोली

खर्चाचा हिशेब करताना केवळ बॉडीची किंमत धरू नये, एवढेच सुचवतो. डी३०० कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घेतो. डी५०० ला एक खण एक्सक्यूडीचा आणि एक एसडीचा आहे, म्हणजे जुनी कार्डे निरुपयोगी होतात. एक्सक्यूडीच्या खणात, फर्मवेअर अद्ययावत केल्यास, सीएफएक्सप्रेस बी प्रकारचे कार्डही चालते, आणि आज घ्यायचे तर तेच घ्यावे. एक्सक्यूडीसारख्या वेगवान कार्डावर डी५०० सलग २०० कच्च्या फ्रेम न अडखळता लिहितो. डी३०० वर कच्च्या फायलीसाठी १४ बिट (रंगछटांची अधिक बारीक नोंद) निवडले की वेग सेकंदाला अडीच फ्रेमवर येतो. म्हणून पक्ष्यांसाठी तो सर्वांनी १२ बिटवरच वापरला.

फायली मोठ्या होतात, आणि छायाचित्रे उघडण्याचे सॉफ्टवेअर २०१६ च्या आधीचे असेल तर ते डी५०० ची कच्ची फाइल ओळखणारच नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर विनामूल्य आहे. आधी त्यातून फाइल काढून घेतली की जुने सॉफ्टवेअरही चालते.

पाणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. स्नेही परत आले आणि डी५०० त्यांच्या स्वाधीन केला. देण्याआधीच्या शनिवारी मी दोन्ही बॉड्या घेऊन पहाटे नावेत बसलो. डी५०० वर २००-५०० आणि डी३०० वर साधी, रुंद कोनाची लेन्स, अशी विभागणी केली. धुके विरळ झाले तसे दूरवर रोहितांचा थवा दिसू लागला. नावाड्याने इंजिन बंद करून बांबूने नाव पुढे सरकवली. थवा उठला तेव्हा प्रथम डी५०० ने एकेका पक्ष्याच्या पंखाखालचा लाल-काळा रंग टिपला, आणि थवा डोक्यावरून जाताना मी डी३०० उचलून संपूर्ण आकाश, पाणी आणि नावेचे टोक एका चौकटीत घेतले. घरी आल्यावर मी ज्या चित्रापाशी सर्वांत जास्त वेळ थांबलो, ते हे दुसरे होते.

तेव्हा निर्णय असा झाला आहे. वापरलेला डी५०० घेतो आहे. नवी वाट यांच्या सूचनेप्रमाणे विक्रेत्याकडून मूळ फाइल मागवली आहे आणि शटरचा आकडा समाधानकारक आहे. डी३०० विकणार नाही. नावेत पाण्याचे शिंतोडे उडत असताना लेन्स बदलणे हे मी नेहमीच भीत भीत करत आलो, आणि दोन बॉड्या असल्या की ती वेळच येत नाही. बॅटऱ्या मात्र वेगळ्या, एकीला ईएन-ईएल३ई आणि दुसरीला ईएन-ईएल१५, म्हणून आता पिशवीत दोन चार्जर असतील. माळरान, ग्रूप एरियासाठी लॉक-ऑनची (मध्ये काही आडवे आले तर फोकस बदलण्याआधी कॅमेऱ्याने किती थांबावे याची) पातळी आपण किती ठेवता, तेवढे सवडीने कळवावे. मार्च संपण्याआधी कवड्या खंड्यासाठी आणखी दोन फेऱ्या व्हायच्या आहेत.

माळरान

मी ती ३ वर ठेवतो. पक्षी गवताआड वारंवार जात असेल तर ४. आपल्या खंड्यासमोर पाणकणसे नसतील तर २ करून पाहा. कोसळताना तो फार वेगाने जवळ-दूर होतो, तिथे कॅमेऱ्याने थांबून विचार करत बसणे परवडत नाही.